प्रतिसाद: जुलै २०२३ मध्ये थेटरात काय बघावं?

महिन्यात तीनच तिकिटं परवडतात तर कोणती काढावीत, असं वर विचारलंय, म्हणून लिहितोय. क्रम तारखांवरून लावा. 'मिशन इम्पॉसिबल' १२ तारखेला येतोय, पण २१ ला 'ओपनहायमर' आला की आयमॅक्सचे (म्हणजे नेहमीपेक्षा खूप मोठे) पडदे त्याच्याकडे जाणार. त्यामुळे टॉम क्रूझची नॉर्वेतल्या कड्यावरून मोटरसायकलसकट मारलेली उडी मोठ्या पडद्यावर बघायची असेल तर २० च्या आत उरकून घ्या.

'ओपनहायमर'साठी मात्र थांबा, पण आयमॅक्समध्येच बघा. त्यातले कृष्णधवल प्रसंग आयमॅक्स कॅमेऱ्यावर चित्रित करता यावेत म्हणून कोडॅक कंपनीने कॅमेऱ्यात घालायची खास नवी फिल्म (रीळ) बनवली! तीन तासांचा आहे, रात्रीचा शेवटचा शो नको. 'बार्बी'ही त्याच दिवशी येतोय, तो साध्या पडद्यावरही चालेल.

तिसरं तिकीट माझ्या मते 'बाईपण भारी देवा'चं. ३० जूनला लागलाय. मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येणाऱ्या सहा बहिणींची गोष्ट आहे, आणि नऊवारी नेसून, गजरे माळून आलेल्या बायकांच्या घोळक्यात बसून बघण्याची मजा घरच्या टीव्हीवर मिळणार नाही. आईला, मावशीला, काकूला नक्की न्या.