अनुभव धागा: पर्यावरणाला कमी त्रास देत फिरायला कशामुळे लागलात?

काल माळा आवरताना बाबांचा होल्डॉल सापडला आणि नेरळहून माथेरानला जाणारी आमची वरात आठवली. १९०७ची ती लाईन, गाडी इतकी सावकाश की मामा मध्येच उतरून करवंदं तोडायचा. अजूनही माथेरानच आवडतं. दस्तुरीच्या पुढे गाडी नेता येत नाही, त्यामुळे नवरा दोन दिवस हॉर्नशिवाय जगतो. तुम्ही सांगा. गाडी-विमान टाळणं, गावातल्या घरी राहणं, हे कशामुळे सुरू झालं? खरंखरं हं.

घाटमाथा: मला कारमध्ये घाट लागतो. ट्रेनमध्ये नाही. संपलं.

अर्धंतिकीट: मार्च २०२३पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट! सासूबाई पंच्याहत्तरीच्या पुढच्या, त्यांना फुकट. तुळजापूर, नरसोबाची वाडी, गणपतीपुळे, सगळं दोघींनी केलं. पृथ्वी वाचत असेल तर वाचू दे बापडी. खिडकी मात्र सासूबाईंचीच.

घाटमाथा: @अर्धंतिकीट, सासूबाईंना दंडवत 😂

मीठभाकर: आमच्याकडे लेकीमुळे. कोकणात वेळासला कासवांची पिल्लं बघायला गेलो होतो. किनाऱ्यावर टोपली उचलली की बोटभर पिल्लं वाळूतून वर. तिथले दादा म्हणाले, वाळू जास्त तापली की माद्याच जास्त जन्माला येतात. लेक गप्प. परतताना मंडणगडच्या उन्हात तिने एसी बंद करायला लावला!! आता कुठे जायचं म्हटलं की पहिला प्रश्न, 'ट्रेन नाहीये का?' राहिलो होतो गावातच एका घरी, काकूंचे मोदक अहाहा.

खादाड_बोका: कुठलं घर? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा प्लीज.

ऱ्हाईनकाठ: इथे जर्मनीत मे २०२३ला ४९ युरोचा महिन्याचा पास आला, आता महागलाय. आयसीईला (इथली लांब पल्ल्याची वेगवान ट्रेन) चालत नाही, पण एकदा पैसे भरले की कुठेही जाणं फुकटच वाटतं. कार धूळ खाते. मुंबईला आईकडे मात्र विमानच, तिथे इलाज नाही. (कुकरवर आहे, नंतर लिहिते)

तुतारी: कोकण रेल्वे २०२२पासून पूर्ण विजेवर आहे, डिझेलचा वास गेला. मी मात्र जातो मांडवी एक्सप्रेसमधल्या खाण्यासाठी.

खादाड_बोका: मांडवी +१. गणपतीचं रिझर्वेशन कधी उघडतं?

तुतारी: आता ६० दिवस आधी, सकाळी आठला. आठ-पाचला उठलात तर वेटिंग.

अर्धंतिकीट: मग एसटीने या की.