मदत हवी आहे : दोन औषधांनी गुण न आल्यावर क्लोझापिन सुरू करावे, की नव्या औषधासाठी थांबावे?

नमस्कार. माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. आधी रिस्पेरिडोन आणि नंतर ओलान्झापिन, ही दोन्ही औषधे पुरेशा मात्रेत आणि पुरेसा काळ देऊनही त्याला ऐकू येणारे आवाज थांबलेले नाहीत आणि शेजारी आपल्याविरुद्ध कट करत आहेत ही त्याची खात्रीही हललेली नाही. गोळ्या घरातले कोणीतरी समोर बसूनच देते, त्यामुळे त्या चुकत असाव्यात ही शंका डॉक्टरांनी विचारपूस करून बाजूला ठेवली आहे. आता त्यांनी क्लोझापिन सुचवले आहे. आई-बाबांना रक्ताच्या दुष्परिणामांची धास्ती वाटते, तर परदेशातला आमचा चुलतभाऊ सांगतो की अमेरिकेत अगदी वेगळ्या पद्धतीने काम करणारे औषध आले आहे, तेव्हा घाई करू नका. निर्णय डॉक्टरांसोबतच होईल, परंतु त्याआधी या वाटेने गेलेल्या शुभंकरांचे (म्हणजे रुग्णाची काळजी घेणाऱ्या घरच्यांचे) आणि या क्षेत्रात काम करणाऱ्यांचे म्हणणे मला ऐकायचे आहे.

मी जे वाचले ते थोडक्यात मांडते. चुकत असल्यास सांगावे. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये क्लोझापिन घेणाऱ्या काही रुग्णांच्या पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घटल्या, त्यातले काही दगावले आणि अनेक देशांत हे औषध मागे पडले. मग १९८८ मध्ये अमेरिकेत, इतर औषधांना दाद न देणाऱ्या २६८ रुग्णांवर सहा आठवड्यांची चाचणी झाली, तिच्यात क्लोझापिनने सुमारे ३० टक्के रुग्ण सुधारले आणि क्लोरप्रोमाझिन या जुन्या औषधाने केवळ ४ टक्के. त्या निकालाच्या बळावर १९८९ मध्ये, नियमित रक्तचाचणीच्या अटीवर, तिथे त्याला मान्यता मिळाली. पुढे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ९८० रुग्णांच्या दोन वर्षांच्या अभ्यासात ओलान्झापिनच्या तुलनेत क्लोझापिन घेणाऱ्यांमध्ये आत्महत्येचे प्रयत्न कमी आढळले. भावाच्या बोलण्यात निराशा डोकावू लागली आहे, म्हणून हा शेवटचा निष्कर्ष मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

नवे औषध म्हणजे झॅनोमेलिन आणि ट्रॉस्पियम यांचे मिश्रण. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. आजवरची बहुतेक सर्व औषधे मेंदूतील डोपामिन या संदेशवाहक रसायनाचे ग्राहक (पेशींवरील ते रसायन टिपणाऱ्या जागा) अडवतात, तर हे औषध मस्कारिनिक नावाच्या वेगळ्याच ग्राहकांवर काम करते, आणि संशोधनाच्या दृष्टीने ही मोठी घटना आहे याबद्दल मला शंका नाही. परंतु ज्या चाचण्यांवर ही मान्यता आधारलेली आहे त्या पाच आठवड्यांच्या होत्या आणि उपचारांना दाद न देणाऱ्या रुग्णांना त्यांत घेतलेले नव्हते, म्हणजे माझ्या भावासारख्यांबद्दल त्या काहीच सांगत नाहीत. चालू औषधाला जोड म्हणून ते देऊन पाहणाऱ्या चाचणीचा निकाल २०२५ मध्ये आला, त्यातही मुख्य उद्दिष्ट गाठले गेले नाही. म्हणून त्याच्यासाठी थांबणे मला पटत नाही. दोन औषधे हरल्यानंतर क्लोझापिन हीच पुढची पायरी असल्याचे जगभरातील मार्गदर्शक तत्त्वे सांगतात, आणि तरीही कितीतरी रुग्णांपर्यंत ते वर्षानुवर्षे उशिरा पोहोचते, याचे मला मनापासून दुःख होते.

आम्ही सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहतो आणि डॉक्टरांचे गाव दूर आहे. पहिले अठरा आठवडे दर आठवड्याला रक्त तपासावे लागेल, ते तालुक्याच्या लॅबमध्ये केले तर चालते का? अहवालात नेमके काय पाहायचे? भाऊ बऱ्याच विड्या ओढतो, त्याचा काही संबंध येतो का? याशिवाय, गोव्यात, तमिळनाडूत आणि आमच्याच साताऱ्यात मिळून २८२ रुग्णांवर झालेला आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास वाचनात आला, ज्यात प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्त्यांनी रुग्णाच्या घरी जाऊन औषधे, दिनक्रम आणि कुटुंबाची समजूत यांकडे लक्ष दिले आणि वर्षाअखेरीस लक्षणे व अक्षमता इस्पितळातील नेहमीच्या उपचारांपेक्षा काहीशी अधिक कमी झाली. असे काम आज आमच्या भागात कोणी करत असल्यास कृपया कळवावे.

प्रतिसाद (नाशिकहून, एक आई) :

ताई, माझा मुलगा बरीच वर्षे क्लोझापिनवर आहे. तो पुन्हा आमच्यासोबत जेवायला बसू लागला, हे आधी सांगते. विड्यांबद्दल विचारलेत ते फार बरे केलेत. धुरामुळे यकृत हे औषध लवकर निकामी करते, त्यामुळे ओढणाऱ्याला मात्रा अधिक लागते, आणि त्याने अचानक विडी सोडली, किंवा इस्पितळात दाखल झाल्याने ती सुटली, तर तीच मात्रा रक्तात जास्त होऊन बसते. तंबाखू चघळण्याने असे होत नाही, कारण हा परिणाम धुराचा आहे. तेव्हा विडी कमी-जास्त झाली की डॉक्टरांना लगेच कळवा. दुसरे म्हणजे बद्धकोष्ठता. रक्ताच्या भीतीत सगळे हिला विसरतात, पण आतडे थांबून रुग्णाचा जीव धोक्यात येऊ शकतो, म्हणून पोट साफ होते की नाही हे रोज विचारा. ताप आला किंवा घसा दुखू लागला तर पुढच्या आठवड्याच्या तपासणीची वाट न पाहता त्याच दिवशी रक्त तपासा. सुरुवातीच्या आठवड्यांत छातीत दुखले, धाप लागली किंवा नाडी फार जलद वाटली, तरी तसेच करा आणि डॉक्टरांना गाठा, कारण क्वचित हृदयाच्या स्नायूला सूज येते. झोपेत उशी ओली होईल इतकी लाळ येते आणि वजनही वाढते, याची तयारी ठेवा. आणि सलग दोन दिवसांहून अधिक गोळी चुकली तर जुन्या मात्रेवर परस्पर जाऊ नका; पुन्हा अगदी थोड्यापासून चढत जावे लागते.

प्रतिसाद (पॅथॉलॉजी लॅबमधील तंत्रज्ञ) :

सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजण्याची नेहमीची तपासणी, तालुक्याच्या चांगल्या लॅबमध्ये जरूर करावी. शक्यतो दर वेळी एकाच लॅबमध्ये करावी, म्हणजे आकड्यांची तुलना करता येते. नुसत्या एकूण पांढऱ्या पेशी पाहून चालत नाही, न्यूट्रोफिलची, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींची, प्रत्यक्ष संख्या पाहावी लागते. अहवालात ती नसेल तर एकूण पांढऱ्या पेशींना न्यूट्रोफिलच्या टक्केवारीने गुणावे : पेशी ५,००० आणि न्यूट्रोफिल ५० टक्के असतील तर संख्या २,५०० येते. अमेरिकी निकषांनुसार सामान्यतः ती १,५०० किंवा त्याहून अधिक असताना औषध सुरू करतात. तुमच्या डॉक्टरांनी कोणती मर्यादा ठरवली आहे ते लिहून घ्या आणि अहवालाचा फोटो दर आठवड्याला त्यांना पाठवा. रक्तातील क्लोझापिनची पातळी मोजण्याची सोय मात्र मोठ्या लॅबमध्येच असते. त्यासाठी रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचे असते, म्हणून त्या दिवशी सकाळची गोळी रक्त दिल्यावर घ्यावी.

धागालेखिका :

दोघांचेही मनापासून आभार. विड्यांचा मुद्दा आणि डॉक्टरांनी ठरवलेली न्यूट्रोफिलची मर्यादा मी पुढच्या भेटीच्या प्रश्नांत सर्वांत वर लिहिली आहे. आई-बाबांनाही हा धागा वाचून दाखवला. रक्त तालुक्यातच तपासता येते हे कळल्यावर त्यांचा विरोध बराच मावळला आहे. घरी येऊन मदत करणाऱ्या कार्यकर्त्यांविषयीचा प्रश्न अजून उरला आहे. सातारा, कराड किंवा वाई परिसरातील कोणाला माहिती असल्यास इथेच लिहावे.