मदत हवी आहे: आईच्या शुगरला लो बाक गो (मुळ्याची चिनी वडी) कसा बसवू?

नमस्कार मंडळी,

आम्ही हाँगकाँगला असतो. आई तीन महिन्यांसाठी आली आहे. टाइप २ मधुमेह, गोळ्या चालू, पक्की शाकाहारी (मशरूम चालतं). डिम सम, म्हणजे चहासोबतचे छोटे चिनी पदार्थ, खायला नेलं तर हा गाओ नावाच्या मोदकात कोळंबी, सिउ माय नावाच्या मोदकात डुकराचं मांस. लो बाक गो नावाला मुळ्याचा, पण त्यातही लाप छाँग, म्हणजे चिनी सॉसेज, आणि सुकी कोळंबी असतेच. म्हणून मी तो घरीच फक्त शिताके मशरूम घालून करते.

कृती आपल्या ओळखीची आहे: पांढरा मुळा किसायचा, त्याच्याच पाण्यात शिजवायचा, तांदळाची पिठी कालवून उकडायचं, गार झालं की कापून तव्यावर खरपूस करायचं. पहिला तुकडा तोंडात टाकून आई म्हणाली, "अगं, ही तर मुळ्याची कोथिंबीर वडी!" तेव्हापासून रोज मागते. (इथे चिनी नववर्षाला तो हवाच. 'गो' म्हणजे उकडलेली वडी, आणि 'उंच'चा उच्चारही तोच, म्हणून वर्षभर चढती कमान. चढली मात्र आईची शुगर.)

मुळ्याचे चार तुकडे म्हणजे भाजीच, असं मीही धरून चालले होते. जेवणानंतर दोन तासांनी मोजली तर २१४. मग हिशोब मांडला. १ किलो मुळ्याला २५० ग्रॅम पिठी घेते, वीस तुकडे पडतात. मुळ्यात जवळजवळ ९५ टक्के पाणीच, कर्बोदकं बहुतेक पिठीचीच. एका तुकड्यात साधारण १२ ग्रॅम, तेल सोडून ५५ कॅलरी, प्रथिनं जेमतेम १ ग्रॅम. म्हणजे चार तुकडे खाल्ले की जवळपास तीन पोळ्यांएवढी कर्बोदकं, आणि वर ती भातही घेते!

करून पाहिलेलं:
पिठी १५० ग्रॅमवर आणली, तर तव्यावर लगदा झाला. अर्धं बेसन घातलं, तर छान लागलं, पण झुणक्याची वडी झाली. तो लुसलुशीतपणा गेला.

आता विचारायचं ते असं: पिठी कमी करूनही वडी धरून राहील असं काय घालू? मुगाची भिजवलेली डाळ वाटून घातली तर चव दबेल का? की पदार्थ तसाच ठेवून दोन तुकडे, सोबत टोफू आणि भात बंद, एवढंच करू? गोळ्यांचं डॉक्टर बघताहेत, ते सल्ले नकोत. स्वयंपाकातलं सांगा. आणि सोया सॉसऐवजी बुडवायला काय देता? तिला बीपीही आहे.