मदत हवी आहे – बूट घालून झोपणारा मुलगा आणि शाळेचा दाखला

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच लिहितेय. नऊ वर्षं बालवाडीत शिकवलं आणि गेल्या जूनपासून घरातल्या मारहाणीतून बाहेर पडलेल्या बायकांच्या एका निवारागृहात मुलांची ताई म्हणून काम करतेय. गाव सांगत नाही, पत्ता बाहेर जाऊ द्यायचा नाही हा इथला पहिला नियम. आया कोर्टात, पोलिस स्टेशनला, दवाखान्यात जातात तेव्हा तीन ते नऊ वर्षांची मुलं माझ्याकडे असतात, कधी चार कधी अकरा, आणि आज आलेलं मूल पुढच्या सोमवारी असेलच असं नाही.

बालवाडीतलं सगळं इथे चालत नाही हे पहिल्याच आठवड्यात कळलं. मी सवयीने "माझं कुटुंब" घेतलं, आई-बाबा-आजी-आजोबांची चित्रं लावली, तर चार वर्षांची एक पोरगी उठली आणि बाबांचं चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवून परत जागेवर येऊन बसली. तो तक्ता मी कपाटात टाकला तो टाकलाच. आता रोज तेच गाणं, मग कणकेचे गोळे, मग गोष्ट, क्रम बदलत नाही आणि पुढे काय होणार ते आधी सांगते. भांडं पडलं तरी मुलं दचकून गप्प होतात, म्हणून स्वयंपाकाच्या मावशीसुद्धा आतून आवाज देतात, "कुकरची शिट्टी होणार हं!"

आता ज्याच्यासाठी लिहितेय तो. सात वर्षांचा, दुसरीतला. दोन आठवड्यांपूर्वी रात्री आईबरोबर आला, अंगावर घरातली चड्डी-बनियन आणि पायात शाळेचे काळे बूट. ते बूट तो काढतच नाही. जेवताना, खेळताना, झोपतानासुद्धा. गादी खराब होते म्हणून खोलीतल्या बाकीच्या बायका कुरकुरतात, त्याच्या आईला मेल्याहून मेल्यासारखं होतं, परवा तिने झोपेत काढले तर जागा होऊन इतका रडला की अख्खी खोली उठली. मी दुसऱ्या दिवशी हळूच विचारलं तर म्हणाला, "ताई, परत पळायला लागलं तर?" मला काही उत्तरच सुचलं नाही.

दुसरी अडचण शाळेची. तो रोज विचारतो शाळा कधी. जवळच्या महापालिकेच्या शाळेत मी आणि त्याची आई जाऊन आलो, तिथे म्हणाले जुन्या शाळेचा दाखला आणा. आता जुनी शाळा वडिलांच्या गल्लीतली, तिथे दाखला मागितला की कुठल्या शाळेसाठी ते कळणार आणि संध्याकाळपर्यंत घरी पोचणार. आई म्हणते वर्ष गेलं तरी चालेल पण तो माणूस इथे यायला नको. तिचंही खरंच आहे हो, पण पोरगं माझ्या खोलीत तीन-तीन वर्षांच्या मुलांबरोबर कणीक मळत बसतंय.

तर बुटांचं काय करू, आणि दाखल्याशिवाय काही मार्ग आहे का? अनुभव असलेल्यांनी प्लीज सांगा.

प्रतिसाद १
ताई, मी संरक्षण अधिकाऱ्यांच्या (घरच्या हिंसेच्या केसमध्ये बाईला मदत करणारे सरकारी अधिकारी) ऑफिसात काही वर्षं काम केलंय म्हणून लिहिते. दाखल्यासाठी अडून बसू नका. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 5 मध्ये स्पष्ट आहे की दाखला यायला उशीर झाला या कारणाने प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही. वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाही, ते कलम 14. संस्थेच्या लेटरहेडवर अर्ज द्या, त्यात ही कलमं लिहा, मुख्याध्यापकांना एकट्याने भेटा आणि जुन्या शाळेशी आत्ता काहीच पत्रव्यवहार करू नका असं सांगा. दुसरं म्हणजे आईने 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली कलम 12 चा, म्हणजे कोर्टाकडे आदेश मागण्याचा, अर्ज टाकलाय का ते बघा. त्यात मुलाचा तात्पुरता ताबा कलम 21 खाली मागता येतो, आणि नवऱ्याने तिच्या किंवा मुलाच्या जवळपास फिरकू नये असा संरक्षण आदेश 18 खाली, शाळेचाही उल्लेख मागून घ्या. अंतिम निकालाची वाट बघत बसायची गरज नाही, अंतरिम आदेश 23 मध्ये मिळतो. आदेशाची प्रत शाळेत दिली की गेटवर कुणी आलं तरी शिक्षकांना मूल कुणाच्या ताब्यात द्यायचं नाही हे कागदावर असतं.

प्रतिसाद २
मी स्वतः अशाच ठिकाणी पाच महिने राहिलेय, मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. ती दप्तर भरून उशाशी घेऊन झोपायची, आणि मी ते काढून घ्यायचे याचं आजही वाईट वाटतं. बूट ओढून काढू नका. त्याच्या हाताला अंधारातसुद्धा लागतील अशी जागा त्यालाच ठरवू दे, मोजे आत घालून ठेवायचे, आणि रात्री दाराला कडी लावताना त्याला बरोबर न्या, चौकीदार काका कुठे बसतात ते दाखवा. "काही होणार नाही" असं सांगू नका, त्याने ते घरी खूपदा ऐकलं असेल.

मूळ धागाकर्ती
दोघींचे मनापासून आभार. शेवटचं वाक्य वाचून थांबलेच, कारण मी रोज तेच म्हणत होते त्याला. चार दिवस झाले, तो माझ्याबरोबर कडी लावायला येतो, दोनदा ओढून बघतो. काल रात्री उजवा बूट काढून उशाशी ठेवला, डावा पायातच होता. गादीवर जुनी चादर टाकलीये, बायकांशी मी बोलले. कलम 12 चा अर्ज झालाय, ताब्याचं त्यात नव्हतं, वकील ताई सोमवारी टाकतायत. शाळेचा अर्जही आज लिहितेय, फक्त एक सांगा, त्यात राहण्याचा पत्ता म्हणून निवारागृहाचा न देता संस्थेच्या ऑफिसचा दिला तर चालेल ना?