केळीच्या काटापावतीचा फोटो बेस६४ करून जेसनमध्ये कोंबायचा का?

तापीकाठ (जळगाव)
सावदा-रावेरच्या केळी व्यापाऱ्यांसाठी अ‍ॅप करतोय. गाडी काट्यावरून उतरली की शेतकऱ्याचं नाव, गाव, वजन आणि पावतीचा फोटो नोडच्या (सर्व्हरवर चालणाऱ्या जावास्क्रिप्टच्या) सर्व्हरवर जातो. टीमचं म्हणणं, फोटो बेस६४ करून (म्हणजे त्याचे बाइट साध्या अक्षरांत लिहून) त्याच जेसनमध्ये, म्हणजे माहिती पाठवायच्या मजकुरात, टाकू. मला अजिबात पटत नाही. तीन बाइटची चार अक्षरं होतात, म्हणजे ३०० केबीचा फोटो ४०० केबीचा. नोडवरच्या एक्सप्रेस फ्रेमवर्कची जेसन मर्यादा मुळात १०० केबी, त्यामुळे पहिल्याच पावतीला ४१३, म्हणजे 'मजकूर फार मोठा' ही एरर. मग कोणीतरी मर्यादा ५० एमबी करून मोकळं होतं, आणि एवढं जेसन पार्स होईपर्यंत बाकीच्या रिक्वेस्ट ताटकळतात. मल्टिपार्टने (फाइल मजकूर न करता तशीच नेणाऱ्या पद्धतीने) पाठवा, स्ट्रीम करून, म्हणजे तुकड्या-तुकड्याने, थेट डिस्कवर उतरवा.

अहिराणी_कोडर (धुळे)
तुम्हनं गणित बरोबर से भाऊ. पण काटा सातपुड्याच्या पायथ्याला, रेंज येते-जाते. एक पावती म्हणजे एक जेसन: गेली तर सगळी गेली, नाहीतर रांगेत थांबली. मल्टिपार्टमध्ये फोटो आणि माहिती वेगळ्या पाठवल्या की अर्धवट नोंदी निस्तरत बसा. वाढीव आकाराचं म्हणाल तर रिक्वेस्टची बॉडी जीझिपने आवळा. बरंचसं परत मिळतं, आणि एक्सप्रेस ती आपोआप उलगडतो.

तापीकाठ
वेगळ्या पाठवा म्हटलं कोणी? एकाच मल्टिपार्टमध्ये फील्ड आणि फाइल दोन्ही जातात.

भुसावळ_जंक्शन
तुम्ही आकारावर भांडताय, खरी गोम डीकोड करण्यात आहे. ब्राउझरमध्ये फाइल वाचणारा फाइलरीडर देतो तो डेटा यूआरएल, म्हणजे सुरुवातीला फाइलचा प्रकार लिहिलेलं बेस६४. त्याचं 'डेटा, इमेज, जेपेग' वालं सुरुवातीचं लेबल तसंच ठेवून नोडच्या बफर.फ्रॉम या डीकोडरला दिलं, तर तो चूं करत नाही. विरामचिन्हं गाळतो, अक्षरं मात्र फोटोचाच भाग समजून डीकोड करतो. फाइल तयार होते, उघडत नाही, लॉग कोरा. एटूबी हा ब्राउझरचा डीकोडर निदान नको ते अक्षर दिसलं की एरर तरी फेकतो.

अहिराणी_कोडर
स्वल्पविरामापाशी तोडायचं, एका ओळीचं काम. त्यासाठी अख्खी पद्धत बाद करायची?

भुसावळ_जंक्शन
ती ओळ लिहिणारा टीममध्ये असतो तोवर ठीक. आणि नावांचं काय? एटूबीच्या उलट, एन्कोड करणाऱ्या बीटूए ला 'रावेर' देऊन बघा, सरळ एरर. त्यावर उपाय म्हणून जुन्या उत्तरांतून उचललेलं 'बायनरी' एन्कोडिंग वापरलं तर आणखी वाईट, कारण नोडमध्ये ते एका अक्षराला एकच बाइट देणाऱ्या लॅटिन१ चंच दुसरं नाव. प्रत्येक अक्षराचा फक्त खालचा बाइट उरतो. 'रावेर' परत येतं ते असं: शून्य, मोठेपणाचं चिन्ह, पाच, रोमन जी, शून्य. यूटीएफ८ या युनिकोड एन्कोडिंगमध्ये त्याच पाच चिन्हांचे १५ बाइट होतात आणि सगळे शाबूत राहतात.

तापीकाठ
हेच म्हणतोय मी. नाव जेसनमध्ये साधं मराठीत जाऊ द्या, त्याला बेस६४ ची गरजच नाही. फोटो बायनरी आहे, बायनरीच ठेवा.

अहिराणी_कोडर
नावांचं मान्य. फोटोचं नाही. माझा आग्रह फक्त वाटेपुरता: सर्व्हरवर पोचला की डीकोड करून फाइल करा. बेस६४ तसंच डेटाबेसच्या कॉलममध्ये ठेवणाऱ्यांच्या बाजूने मी नाही.

तापीकाठ
मग ४१३ ची मर्यादा किती ठेवणार तेवढा आकडा सांगा. केळीचा हंगाम भरात असताना एका वेळी दहा काट्यांची रांग सुटली तर मेमरीत काय काय बसतं, ते मोजून बघतो.