तिसरीची पोरं गटात चाल बांधताना भांडतात, काय करू?

प्रश्न (तिसरीच्या बाई, परभणी जिल्हा)
पावसावरच्या चार ओळी दिल्या, पाच-पाच जणांचे गट केले अन् म्हटलं, चाल तुम्हीच लावा. गटाला एक ढोलकी, एक टाळजोड, बाकी डबे-चमचे. ढोलकी ज्याच्या हातात तोच मालक! उरलेले ओढाओढ करतात, नाहीतर बघत बसतात. चर्चा तर नाहीच. याला गटकाम म्हणायचं का?

लातूरचा गुरुजी
बाई, बोलत नाहीत म्हणजे काम चालू नाही असं समजू नका. या वयात पोरं बरंचसं वाजवूनच सांगतात. एकानं डब्यावर काही ठोकलं, दुसऱ्यानं तेच उचलून शेवटी एक ठोका वाढवला, की झाली सूचना अन् मंजुरीही. माझ्या वर्गात एका पोरीनं अवाक्षर न काढता टाळ मधेच दाबून धरला. सगळा गट थबकला, अन् ती थांबायची जागा त्यांनी चालीत तशीच ठेवली. ढोलकीचं मात्र खरंय. सुरुवातीला ती कपाटातच बरी. केरवा म्हणजे गाण्याला धरायचा ८ मात्रांचा ठेका, त्या मात्रा आधी टाळ्यांवर पक्क्या होऊ द्या.

अंबाजोगाईहून
भारुडासारखं करा. एकानं म्हणायचं, बाकीच्यांनी धरायचं. लाजाळू लेकरूही ध्रुवपदात शिरतं. जिवलगांचा गट लवकर जमतो, पण त्यात परकं लेकरू कोपऱ्यात पडतं, तेवढं बघा.

तिसरीच्या बाई
ढोलकी कुलपात गेली. मालक रुसलेत! टाळ देऊ का त्याला?

लातूरचा गुरुजी
द्या की. ठेका तोच धरील.