आकार लहान म्हणून आयुष्यही लहान, असं नाही

‘लहान समुद्री मासे घरच्या टाकीत दोन वर्षांपलीकडे टिकतच नाहीत’ हे सरसकट खरं नाही. क्लाउनफिश नीट सांभाळला तर 10-15 वर्षं सहज जगतो, काही 20 च्याही पुढे गेलेत. डॅमसेलही चिवट. बांगाई कार्डिनल साधारण 4-5 वर्षं. निऑन गोबी मात्र मुळातच अल्पायुषी, दीड-दोन वर्षांत गेला तर स्वतःला दोष देऊ नका. (एव्हिओटा नावाचा इवलासा गोबी तर प्रवाळात जेमतेम 59 दिवस जगतो!)

टाकीतले बहुतेक मासे म्हातारे होऊन मरतच नाहीत. नवा मासा थेट मुख्य टाकीत सोडला की पांढऱ्या ठिपक्यांचा रोग येऊ शकतो, म्हणून 4-6 आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा. गोबी, फायरफिश उडी मारतात. वर बारीक जाळी हवीच. मँडरिन मासा हळूहळू उपाशी मरतो, कारण तो दिवसभर कोपेपॉड (पाण्यातले अगदी बारीक जीव) टिपत असतो आणि नव्या टाकीत ते पुरेसे नसतात. बाष्पीभवनाने क्षारता वाढते. रोज गोडं आरओ (गाळून क्षार काढलेलं) पाणी घालून घनता 1.025 च्या आसपास राखा, मिठाचं पाणी घालू नका. आणि विकत घेताना वय कळत नाही, त्यामुळे पूर्ण वाढलेल्यापेक्षा लहान, टाकीत पैदास झालेला मासा निवडा.